पाव फेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर मी हल्ली हात जोडतो आणि पटकन बाहेर येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो: मला तुमची सहानुभूती नकोय. ऐकून झाल्यावर मला समजून घ्यायचा विचार असेल, तर तो विचार आत्ताच सोडा. मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे, तो माणूस मला तेव्हा आवडत नव्हता, आणि — खरं सांगू? — आजही आवडत नाही.

त्याचं नाव सुहास. सांगलीचा. मी नाशिकचा. दोहामध्ये आम्ही एकाच कंपनीत होतो. तो प्लॅनिंगला, मी इन्स्ट्रुमेंटेशनला. म्हणजे गॅसच्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह, गेज, प्रेशर, गळती — हेच माझं काम. हे जरा लक्षात ठेवा. पुढे कुठेतरी तुम्हाला वाटेल की याला कळलं नसेल. मला सगळं कळत होतं.

बीअर बनवायचं खूळ माझं. इथे दोहात ते चालत नाही, पकडलं गेलं तर नोकरी जाते आणि विमानात बसवतात, हे काय सांगायला हवं? तरी करणारे करतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही. मी आमच्या फ्लॅटच्या दुसऱ्या बाथरूममध्ये प्लास्टिकच्या पिंपात करायचो आणि बाटल्यांत भरायचो. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालायची, झाकण लावायचं, आणि वाट बघायची. कधी बाटली उघडल्यावर साधा 'फुस्स' आवाजही यायचा नाही, आणि कधी बाटलीच फुटायची. एकदा कपाटातल्या दोन फुटल्या आणि अनघाच्या वर्षभराच्या पापडांवर बीअर सांडली. अनघा म्हणजे माझी बायको. ती पंधरवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती.

सुहास ती बीअर प्यायचा. तळाशी गाळ असायचा, तरी प्यायचा. मग म्हणाला, मलाही शिकव. मी शिकवलं. कशाला शिकवलं?

वर्षभरात एक इंग्रज आपलं सामान विकून मायदेशी निघाला, आणि सुहासने त्याच्याकडून स्टीलचे दोन केग आणि रेग्युलेटर उचलला. केग म्हणजे गुडघ्याएवढं, बंद तोंडाचं पिंप. बीअर त्यात भरायची, पिंप जुन्या फ्रीझरमध्ये थंडगार ठेवायचं, आणि सिलिंडरमधून नळीने कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं. थंड बीअर तो गॅस हळूहळू पिते. आठवड्याने नळ उघडला की ग्लासात बोटभर पांढरा फेस, खाली काचेसारखी स्वच्छ बीअर. साखर नको, गाळ नको, फुटाफुटी नको. सिलिंडर कुठे मिळतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. इंडस्ट्रियल एरियात आग विझवायचे सिलिंडर भरून देणारं एक दुकान आहे, तिथे मीच त्याला घेऊन गेलो. मीच दुकानदाराशी हिंदीत घासाघीस केली. घरी आल्यावर रेग्युलेटर सिलिंडरला कसा बसवायचा, मधला वॉशर कसा ठेवायचा, नट पान्याने आवळून वर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते कसं बघायचं — सगळं मीच दाखवलं.

आणि लोक काय म्हणायला लागले? "या शुक्रवारी सुहासची बीअर आहे."

सुहासची!

तो होताही तसा. मोठ्याने हसायचा, हसताना शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायचा, पोरांना खांद्यावर घ्यायचा, बायकांना भांडी घासू लागायचा. जिथे जाईल तिथे खुर्ची सरकवून त्याला मध्ये बसवायचे. मी भिंतीपाशी. मला कुणी भिंतीपाशी बसवत नव्हतं, मीच बसायचो — पण तोही त्याचाच दोष आहे असं मला वाटायचं. हा असा मी.

हिवाळ्यात एकदा आमची सगळी मराठी मंडळी समैस्माला समुद्रावर गेली होती. डबे, चटया, पोरांचा गोंधळ. जेवताना कुणीतरी माझ्या जुन्या बाटल्यांचा विषय काढला. सुहास म्हणाला, "नितीनची बीअर म्हणजे पोट साफ करायचा काढा. एक ग्लास घ्या, सकाळी पाव किलो हलके!" सगळे हसले. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण तो पुढे म्हणाला, "अरे, याच्या बाटलीला फेस येत नाही. याचा फेस फक्त तोंडाला येतो." आणि मांडीवर थाप. माझ्याच मांडीवर.

अनघा हसली. तोंडावर पदर वगैरे घेऊन नाही — मोकळी हसली. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, तिने विचारलं, "What's so funny, Baba?" मी म्हणालो, काही नाही. तेव्हा मी पण हसलो होतो. हसावं लागतं ना?

बस्स. एवढंच कारण. याहून मोठं कारण माझ्याकडे असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं. त्याने माझं काही चोरलं नाही, नोकरीत आडवा आला नाही, बायकोकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही. त्याने एक विनोद केला. तो विनोद मी महिनोन्‌महिने रोज गाडी चालवताना चघळला.

सुहास अल अझीझियात राहायचा. व्हिलाचे भाग पाडून भाड्याने देतात तसा एक तळमजला, मागे फरशीचं अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात मोलकरणीसाठी बांधलेली छोटी खोली. तिला खिडकी नव्हती. एसी होता. तिथेच त्याने फ्रीझर, केग आणि सिलिंडर मांडला होता.

पुढच्या हिवाळ्यात त्याचे वडील सांगलीहून आले होते. आप्पा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी नोकरी झालेली. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून तोच. सुहासच्या पोरांना ते जेवताना गाड्या पुकारून भरवायचे — "इस्लामपूर, कराड, सातारामार्गे स्वारगेटला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे!" आणि घास तोंडात. पोरं मराठीत एक वाक्य बोलायची नाहीत, पण "फलाट" हा शब्द त्यांना येत होता.

आप्पांना दुपारी झोप लागायची, आणि घरात पोरांचा टीव्ही. म्हणून ते जेवण झालं की मागच्या खोलीत जायचे. गार आणि अंधारं. म्हणायचे, "तुमच्या त्या पिंपांची मला सोबत होते. घोरत नाहीत."

हे मला माहीत होतं का?

थांबा. येतो तिथे.

सुहासच्या लग्नाचा वाढदिवस होता, शुक्रवारी संध्याकाळी बरेच जण जमणार होते. मी सकाळी खुर्च्या पोचवायला गेलो. सुहास बर्फ आणि कोळसा आणायला बाहेर पडला होता. त्याची बायको मृणाल स्वयंपाकघरात होती. आप्पा अंगणात उन्हाला बसले होते, मला बघून उठले. म्हणाले, "या नितीनराव. आज तुमच्या शिष्याची परीक्षा आहे म्हणे."

मी म्हणालो, कसला शिष्य?

"सुहास. तो सांगत असतो ना घरी — हे सगळं नितीनने शिकवलं, मला नट कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नव्हतं. मी पीत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण गुरूचं नाव घेतो, हे बरं वाटलं."

बघा. त्यांनी मला हे सांगितलं, आणि ते ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही. वाढला! घरात म्हणतो, आणि चारचौघांत? चारचौघांत काढा! घरात बापापुढे नम्र व्हायला काय लागतं? — असं माझ्या डोक्यात चालू होतं, आणि तोंडाने मी म्हणत होतो, "छे हो आप्पा, तो हुशारच आहे."

मग खुर्च्या घ्यायला म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. जास्तीच्या दोन खुर्च्या तिथे होत्या. फ्रीझर घरघरत होता, एसी चालू होता. रेग्युलेटरच्या गेजचा काटा अगदी जिथे हवा तिथे. नट व्यवस्थित आवळलेला. सुहासने काम चोख केलं होतं, आणि मला ते बघवलं नाही. पाना सिलिंडरच्या मागेच होता. मी तो नटाला लावला आणि पाव फेरा उलटा दिला.

बारीक आवाज आला. कान दिला तरच ऐकू येईल असा. एरवी तो फ्रीझरच्या घरघरीत बुडून जात होता.

माझा हिशोब सरळ होता. संध्याकाळपर्यंत सिलिंडर खलास. केगमधून बीअर ढकलायला गॅस नाही. नळ उघडला की मरतुकडी धार, फेस नाही, आणि सगळे ग्लास धरून उभे. मग सुहासने मांडीवर थाप मारून दाखवावी.

आता ते दुसरं.

त्या खोलीत भिंतीला लागून चटई अंथरलेली होती. तिच्यावर उशी. उशीशेजारी चष्म्याचं घर आणि घडी घातलेली शाल. मी पाना ठेवायला खाली वाकलो तेव्हा माझा पाय त्या चटईच्या कडेवर होता. मी ती बघितली. ओझरती नाही, नीट बघितली. कुणाची आहे, ते मला कळलं. कधी वापरतात, तेही माहीत होतं.

बंद खोलीत हा गॅस काय करतो, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? आमच्याकडे दरवर्षी ट्रेनिंग होतं. बंद टाकीत उतरण्याआधी हवा तपासा, वास येत नाही म्हणून गॅस नाही असं समजू नका, हा गॅस जड असतो, खाली साचतो — मीच नव्या पोरांना हे शिकवतो. जमिनीलगत साचतो. चटई जमिनीवर होती.

गेली काही वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी मला वाटलं होतं, आज घरात कार्यक्रम आहे, आज आप्पा तिथे झोपणार नाहीत. खोटं आहे ते. तो विचार मी नंतर तयार केला. त्या क्षणी मला फक्त संध्याकाळची ती मरतुकडी धार दिसत होती. त्या चटईवर झोपणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मी त्याला बाजूला सारलं. जसं कुणी दारात उभं असेल तर खांद्याने सारून पुढे जातो, तसं. मग दोन्ही खुर्च्या उचलल्या, बाहेर आलो, आणि एसीची गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार नीट ओढून घेतलं.

हे मी केलं. माझ्या हातून झालं असं म्हणत नाही — मी केलं.

दुपारी घरी जेवलो. झोपही लागली.

चहाच्या वेळी आम्ही सगळे सुहासकडे पोचलो. सुहास पुढे माळा लावत होता. मृणाल चहाचा कप घेऊन आप्पांना उठवायला मागे गेली, आणि कप फुटल्याचा आवाज आला. मग तिची हाक — "सुहास!" ती दारातच भिंतीला धरून उभी होती, तिला स्वतःला धाप लागली होती. आत आप्पा चटईवर नव्हते. दाराच्या दिशेने दोन हात सरकले होते आणि तिथेच पालथे पडले होते.

सुहास आत धावणार, तेवढ्यात मी त्याला मागे ओढलं. दार सताड उघडलं, श्वास रोखून आत गेलो, आप्पांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर खेचलं. पुन्हा आत जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला. नटावर पांढरं बर्फ जमलं होतं. सगळ्यांनी बघितलं की मी काय केलं. मृणाल रडत रडत म्हणत होती, "नितीनभाऊजी होते म्हणून!" अनघा माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर कधी बघितली नव्हती.

आप्पांचा श्वास चालू होता. शुद्ध नव्हती. कुणीतरी म्हणालं, अँब्युलन्स बोलवा. सुहासने मागच्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय विचारतोय ते मला कळलं. अँब्युलन्स आली तर सगळं दिसेल. मी म्हणालो, "गाडीत घाल. तू नेऊन पोच. इथलं मी बघतो." अँब्युलन्समध्ये लगेच ऑक्सिजन लागला असता, हे मला माहीत होतं. शुक्रवार संध्याकाळचा रस्त्यावरचा ट्रॅफिकही माहीत होता. तरी म्हणालो. कुणाला वाचवायला म्हणालो? सुहासची नोकरी? की कुणी त्या नटाकडे नीट बघू नये म्हणून?

ते गेले. मी मागे राहून केग रिकामे केले. आणि ऐका — बीअरला काहीही झालेलं नव्हतं. आठवडाभर गॅस पिऊन ती आधीच तयार होती. मोरीत ओतली तर पांढरा, घट्ट फेस घोट्यापर्यंत आला. सिलिंडर नसता तरी संध्याकाळी पहिले कित्येक ग्लास झकास भरले असते. मला हे कळायला हवं होतं. माझ्या रागाला साधं त्याचं कामही धड करता आलं नाही.

हॉस्पिटलमध्ये सुहासने सोडा मशीनचा सिलिंडर गळला असं सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. आप्पा वाचले. पण जे घरी आले, ते आप्पा नव्हते. बोलताना शब्द हातचा निसटायचा. चमच्याला "ते… ते… फलाट" म्हणायचे, आणि चुकलं हे त्यांना कळायचं. तो चेहरा वाईट. पोरं लांब सरकायला लागली. आवाज होता, तसाच मोठा, खणखणीत. फक्त त्यात गाड्या उरल्या नव्हत्या.

मी रोज जायचो. हो, रोज. फळं घेऊन.

एका संध्याकाळी सुहासने मला अंगणात नेलं. मृणाल दारात उभी होती. त्याने विचारलं, "नितीन, तू बघितलंस ना ते. नक्की काय झालं होतं रे?"

इथे मी बोलू शकलो असतो. निदान गप्प राहू शकलो असतो. म्हणू शकलो असतो की वॉशर झिजला असेल, सिलिंडर जुना होता, दुकानदाराचा दोष. कितीतरी खोटं हाताशी होतं, ज्यात कुणाचंच काही गेलं नसतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नट सैल होता. तू आवळायला विसरलास. जाऊ दे, होतं असं."

तो खाली बसला. फरशीवर. मृणाल आत निघून गेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

आणि मला काय वाटलं? सांगू? त्याला खाली बसलेलं बघून क्षणभर — एक क्षणच — बरं वाटलं. समैस्माच्या वाळूत मी जसा सगळ्यांच्या हसण्याखाली बसलो होतो, तसा तो आता बसला होता. माझा सगळा गुन्हा त्या एका क्षणात आहे. नट रागात फिरवला म्हणता येईल. हे मी शांतपणे केलं.

काही महिन्यांनी त्याने राजीनामा दिला आणि आप्पांना घेऊन सगळे सांगलीला गेले. जाण्याआधीच्या त्या महिन्यांत पार्टीत तो हसत नव्हता, थापही मारत नव्हता. लोकांनी त्याला मध्ये बसवणं कधी बंद केलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. जाताना केग आणि रेग्युलेटर मला देऊन गेला. म्हणाला, "मला नजरेसमोर नकोत. फेकून दे." मी फेकले नाहीत. आज माझ्याकडे बीअर असते. चांगली असते. स्वच्छ, फेसाळ. लोक "नितीनची बीअर" म्हणतात आणि मला मध्ये बसवतात. मी पितो. तुम्हाला काय वाटलं, घशाखाली उतरत नसेल? उतरते.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. आप्पा गेले म्हणाला. झोपेत, त्रास झाला नाही. मी जे म्हणतात ते म्हणालो. मला वाटलं आता ठेवेल. ठेवला नाही. मग म्हणाला, "नितीन, एक सांगायचं होतं. तेव्हा सगळे मला अपघात अपघात म्हणत राहिले. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. तू एकटाच माझ्याशी खरं बोललास. ते मी विसरलो नाही."

मी "हं" म्हणालो.

तो म्हणाला, "अनघावहिनींना नमस्कार सांग."

मी सांगितला.